फुटपाथचा हिशेब

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीच्या केसनंद फाट्यावर एका डंपरने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडले. तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुले. अमरावतीकडून कामासाठी आलेली ही माणसे. चालक दारू प्यायलेला निघाला, सगळा राग त्याच्यावर गेला आणि तो जायलाच हवा होता. पण शहरात राबायला आलेल्या माणसांना रात्री पाठ टेकायला फुटपाथच का उरतो, हा प्रश्न दोन दिवसांच्या बातम्यांत कुठे विरला ते कळले नाही. २००२ साली वांद्र्यात फुटपाथवर झोपेत गाडीखाली सापडलेले लोक तर तिथल्याच बेकरीतले कामगार होते. म्हणजे काम होते, मालक होता, पगार होता. छप्पर तेवढे नव्हते.

बेघरांना मदत कशी करावी यावर गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडे कोर्टाचे निकाल झाले, केंद्राच्या योजना आल्या, संस्था उभ्या राहिल्या. परदेशांत मोठे प्रयोग झाले. हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. रस्त्यावरचा माणूस झोपायची जागा ठरवतो ती कामाच्या, पाण्याच्या आणि ओळखीपाळखीच्या हिशेबाने. त्याला मदत करणारे जागा ठरवतात ती जमीन कुठे मोकळी आहे आणि कुणाची तक्रार येणार नाही या हिशेबाने. हे दोन हिशेब जिथे जुळले तिथेच मदत टिकली, असे माझे मत बनले आहे.

आधी आकडे, कारण पहिली गडबड तिथेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. आधीच्या दहा वर्षांत देशाचा एकूण आकडा थोडा उतरला होता, पण शहरांतला ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर चढला होता. मुंबईत तेव्हा ५७ हजारांवर बेघर मोजले गेले. पुढे महापालिकेने स्वतः सर्वेक्षण केले तर आकडा आला १२ हजारांच्या आत. मधल्या काळात पंचेचाळीस हजार लोकांना मुंबईत घरे मिळाली, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. रात्री अकराला पुलाखाली दिसणारे कुटुंब सकाळी आठला मजूर नाक्यावर उभे असते. दुपारी वही घेऊन गेलेल्याला कठड्याला बांधलेली बोचकी तेवढी सापडतात. आणि माणसे कमी भरली की निवाऱ्यांची गरजही कागदावर आपोआप कमी होते. ही चूक कुणाला फारशी टोचत नाही, ती यामुळेच.

माणूस फुटपाथवर का राहतो, याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच देऊन ठेवले आहे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी धाडायचे फर्मान काढले, तेही भर पावसाळ्यात. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे काहीजण कोर्टात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्कात येतो. ही माणसे कामाच्या जवळचा फुटपाथ धरतात, कारण लांबून येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च त्यांच्या कमाईत बसत नाही, हेही कोर्टाने स्वच्छ नोंदवले. मात्र त्याच निकालात फुटपाथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे राहण्याचा हक्क कुणालाच नाही, असेही ठरले आणि पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हटवू नका एवढी सवलत मिळाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना या निकालाचा पहिला भाग पाठ असतो. फुटपाथवरच्या बाईच्या वाट्याला दुसरा येतो.

त्याच वर्षी भायखळा परिसरात 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवासीयांची स्वतंत्र गणना केली. निघाले काय, तर बहुतेक जण हातावर पोट असलेले कामकरी, आणि काम हाकेच्या अंतरावर. यातूनच 'महिला मिलन' उभे राहिले. या बायकांनी रोजच्या कमाईतून बचत सुरू केली, घराचे नकाशे स्वतः आखले. चौदा फूट उंचीची एकच खोली, वर पोटमाळा, म्हणजे तेवढ्याच जागेत झोपायची सोय दुप्पट. मोठमोठ्या वास्तुरचनाकारांना न सुचलेली ही गोष्ट, पण फुटपाथवर सहा जणांचा संसार सहा फुटांत मांडणाऱ्या बाईला ती सुचणारच. पुढे त्यांतल्या काही कुटुंबांना मानखुर्दच्या मिलन नगरात पक्की घरे मिळाली. हे यश मोठे आहेच. तरी भायखळा ते मानखुर्द म्हणजे काय, हे ज्यांनी गर्दीच्या वेळी हार्बरचा प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. शेजारणीकडे मूल टाकून चार घरची भांडी उरकणारीला हे अंतर परवडत नाही.

याच गोष्टीचे टोक पाहायचे असेल तर माहुल आठवावे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत नेले. घरे पक्की होती, फुकट होती, पण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते. लोक आजारी पडू लागले, आंदोलन झाले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या कुटुंबांना दुसरीकडे हलवा, नाहीतर दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्या. शहरात घरासाठी माणसे जीव टाकतात आणि तरी बांधून तयार घर नको म्हणतात, तेव्हा दोष माणसांत शोधायचा नसतो.

आता रात्रनिवारे. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक निवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात कोर्टाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी न्यायालयाला पत्र लिहिले आणि तिथून चक्रे फिरली. दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा, बारा महिने, चोवीस तास उघडा, असा आदेश झाला. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच दंडक आला. माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, सगळे लिहिलेले आहे. या मापाने मुंबईला सव्वाशे निवारे लागतात. आहेत दोन डझनांच्या आसपास, त्यांतलेही बरेच मुलांसाठीचे. दिल्लीत थंडी एका रात्रीत माणसे मारते, त्याची बातमी होते, कोर्ट जागे होते. मुंबईचा पाऊस चार महिने भिजवत ठेवतो. ताप, खोकला, कुजलेली गोधडी यांची बातमी होत नाही.

निवारा काढला तरी लोक येत नाहीत, हे पालिकेचे नेहमीचे गाऱ्हाणे. ते खोटे नाही, पण कारणे कुणी विचारावीत ना! पुरुषांच्या दालनात नवरा, बायकांच्या दालनात बायको, आणि बारा वर्षांचा मुलगा कुठे ठेवायचा यावर चौकीदाराशी हुज्जत. हातगाडी आत नेता येत नाही आणि बाहेर ठेवली तर सकाळी असेलच याची खात्री नाही. दादरच्या फुलबाजारात किंवा मशीद बंदरात पहाटे तीनला मजुरी मिळते, त्या माणसाला रात्री दहाला कुलूप लागणारा आणि सहाला उघडणारा दरवाजा काय कामाचा? चूल मांडायला परवानगी नसली की संसारी बाई पाऊल ठेवत नाही, कारण तिला बाहेरचे खाणे परवडत नाही. याउलट जिथे कुटुंब एकत्र राहू शकते, सामानाला कुलपाचे कपाट आहे, स्टेशन जवळ आहे, तिथे जागा रिकामी राहत नाही. आणखी एक गोष्ट उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. निवारा चालतो तो काळजीवाहकावर. अनुदान रखडले की पहिली झळ त्याच्या पगाराला बसते, मग तो निघून जातो, आणि इमारत उरते.

खरे तर रस्त्यावरच्या माणसाला अन्नाची मदत त्यामानाने बरी मिळते. गुरुवारी, शनिवारी, सणावाराला देवळांपाशी आणि दर्ग्यांपाशी इतके वाटप होते की उरते. मिळत नाही ते पाणी, संडास आणि सामान ठेवायला जागा. पैसे भरून वापरायच्या संडासाला पाच माणसांचे कुटुंब दिवसाला किती घालवते, याचा हिशेब मांडून पाहावा. महिन्याच्या शेवटी तो आकडा एखाद्या गावातल्या खोलीच्या भाड्याला भिडेल. ब्लँकेट वाटणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण दर जानेवारीत त्याच माणसाला नवे ब्लँकेट का लागते, याचा विचार वाटणाऱ्याने करायला हवा. जुने पालिकेच्या गाडीत गेलेले असते.

ही गाडी म्हणजे फुटपाथवरची सर्वांत मोठी धास्ती. ती आली की भांडी, गोधड्या, शाळेचे दप्तर, सगळे उचलले जाते आणि त्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला, सरकारी दवाखान्याचा केसपेपरही. म्हणून शहाणी बाई आपली कागदांची पिशवी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे ठेवायला देते. कागद गेला की रेशन गेले, बँक खाते अडले, शाळेचा दाखला अडला. आणि पत्ता नाही म्हणून नवा कागद मिळत नाही. पारधी आणि इतर भटक्या विमुक्त कुटुंबांत तर तिसरी पिढी याच मुंबईच्या फुटपाथवर जन्मली आहे, तरी जातीचा दाखला काढायला गेले की मूळ गावचा पुरावा मागतात. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये ज्यांचा तो शिक्का पुसला, त्यांनी गावचा सातबारा आणायचा कुठून?

या बाबतीत निवडणूक आयोगाने दाखवलेली अक्कल इतर खात्यांनी घेण्यासारखी आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज भरला तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे, असा नियम आहे. किती साधी गोष्ट! माणसाने पुरावा आणण्याऐवजी सरकारने जाऊन बघायचे. हाच नियम शिधापत्रिकेला लावला तर एका फटक्यात निम्मी अडचण सुटेल.

त्याऐवजी आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून जिवंत आहे. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना हिंडणे हीसुद्धा त्यात भीक ठरते आणि गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करणे यांच्या नावाखाली दान घेणेही. म्हणजे वासुदेव, डोंबारी, नंदीबैलवाला, सगळेच गुन्हेगार. पहिल्यांदा पकडल्यास एक ते तीन वर्षे, पुन्हा पकडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती याची मुख्य कलमे रद्द केली. ज्या मुंबईच्या नावाने हा कायदा झाला तिथे तो अजून लागू आहे. न्यायालयांची मनेही दोलायमान असतात म्हणा. जुलै २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेघरांनीही देशासाठी काम करावे, सगळे काही सरकारने देता येणार नाही, असे सुनावले. आणि मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाचे दुसरे खंडपीठ म्हणाले की हीही माणसेच आहेत, त्यांना नुसते उचलून फेकता येणार नाही. काम करा म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे मजूर नाक्यावर जाऊन यावे.

परदेशांत या प्रश्नावर जो विचार सर्वांत पुढे गेला, त्याचे सार 'आधी घर' असे आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा डाव मांडला. दारू सोडा, औषधे घ्या, मग घर देऊ, ही जुनी रीत सोडून त्याने आधी किल्ली हातात दिली आणि उपचार नंतर, माणसाच्या मर्जीने. फिनलंडने २००८ पासून हे देशाचे धोरण केले. हेलसिंकीत १९७० मध्ये निवाऱ्यांत दोन हजारांवर खाटा होत्या, २०१६ मध्ये जेमतेम पन्नास उरल्या. जुन्या निवाऱ्यांचीच स्वतंत्र भाड्याची घरे केली गेली. १९८७ मध्ये तिथे १८ हजारांवर बेघर होते, २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आले. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत सुमारे दोन हजार लोकांवर याची रीतसर चाचणी घेतली. घर मिळालेले लोक घरात टिकले, हे निर्विवाद. मात्र व्यसन आणि मानसिक आजार यांत इतरांच्या तुलनेत फारसा फरक पडला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. घर हे औषध नव्हे, हे 'आधी घर'वाल्यांनी कबूल केले पाहिजे. आणि फिनलंडमध्येही २०२४ मध्ये आकडा पुन्हा वर गेला, कारण सामाजिक मदतीला कात्री लागली. व्हँकुव्हरमध्ये बेघरांना एकरकमी साडेसात हजार कॅनेडियन डॉलर रोख देऊन पाहिले, तेव्हा त्यांनी ते दारूत उडवले नाहीत, ते लवकर भाड्याच्या घरात गेले. पण गंभीर व्यसनी आणि आजारी लोक त्या प्रयोगात मुळातच घेतलेले नव्हते.

आपल्याकडे असे आजारी लोक रस्त्यावर आहेतच आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी स्मिता यांनी १९८८ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून उपचार द्यायला सुरुवात केली. त्यांच्या कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेत औषधांनी माणूस ताळ्यावर येऊ लागला की कधीतरी गावाचे नाव सांगतो, एखाद्या भावाचे नाव सांगतो, आणि मग त्याला घेऊन कार्यकर्ते कुठल्या कुठे, बिहारला, आसामला जातात. हजारो माणसे अशी घरी पोचली. २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माऊली'त तर ज्यांना परत न्यायला कुणीच येणार नाही अशा बायका राहतात. चेन्नईच्या 'द बनियन'ने पुढचे पाऊल टाकले. बऱ्या झालेल्या चार-पाच बायकांना साध्या वस्तीत भाड्याचे घर, सोबतीला एक मदतनीस. संस्थेच्या भिंती नाहीत, पाटी नाही. 'आधी घर'चा हाच खरा देशी अवतार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रस्त्यावर भरकटलेल्या रुग्णाला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे, ती किती ठाणेदारांना ठाऊक आहे कोण जाणे.

आणि परळ. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर केमोच्या दोन खेपांच्या मध्ये झोपणारी माणसे गावी घरदार असलेली आहेत, शेती असलेली आहेत. त्यांना 'बेघर' म्हणून नोंदणारी योजना नाही. त्यांचे दुखणे ओळखले ते गाडगेबाबांनी. बेघरांना आसरा हे त्यांच्या दशसूत्रीतले एक सूत्र, आणि पंढरपूर, नाशिक, मुंबई असे जिथे गरिबाला जाणे भाग आहे तिथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. जागा त्यांनी गरजवंताच्या पायांना विचारून निवडली, असेच म्हणायला हवे. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोग्यांना आधार देते. मोठ्या सरकारी रुग्णालयाला मंजुरी देताना सोबत धर्मशाळेची अट का घालत नाहीत, हे मला न सुटलेले कोडे आहे.

कष्टकऱ्यांच्या निवाऱ्याचेही उत्तर मुंबईला एकेकाळी सापडलेले होते. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या मंडळाच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस चाकरमानी, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. एक पाळी कामावर गेली की दुसरी अंग टाकायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. ऐषाराम नव्हता, पण गिरणी पायी अंतरावर होती, पत्र यायला पत्ता होता, आणि रात्री कुणी उठवायला येत नव्हते. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि महिन्याला परवडणाऱ्या भाड्यात नुसती झोपण्यापुरती जागा मिळण्याची सोय शहरातून निघून गेली. सरकारच्या घरांच्या बहुतेक योजना मालकीच्या घराभोवती फिरतात. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याला त्यांचा उपयोग शून्य. दुसरीकडे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत मुंबईतली रिकामी घरे ४ लाख ८० हजारांच्या घरात सांगितली होती. जनगणनेत मुंबईत मोजलेल्या दर बेघर माणसामागे आठ घरे पडतात ही. ती हिसकावून घ्या असे कुणी म्हणत नाही. पण पालिकेने स्टेशने, बाजार आणि मजूर नाके यांच्या जवळ महिन्याच्या भाड्याने खाटा आणि कुटुंबांसाठी छोट्या खोल्या काढणे, हे सव्वाशे रात्रनिवाऱ्यांच्या आदेशापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल. फुकट नको, लोक भाडे देतील, आजही संडासाला आणि पाण्याच्या हंड्याला देतातच.

वाचकाने काय करावे? नाणे द्यायचे की नाही यावर वाद घालत बसू नये, द्यावेसे वाटले तर द्यावे. पण एक दिवस मोडून कुणा एकाबरोबर आधार केंद्रात किंवा शिधावाटप कार्यालयात जाऊन उभे राहावे. शर्टपँट इस्त्रीचे असले की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो, हे अनुभवायला मिळेल. संस्थेला देणगी द्यायची तर ब्लँकेटांना न देता काळजीवाहकाच्या पगाराला द्यावी. आणि जनगणनेकडे लक्ष ठेवावे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. तुमच्या गल्लीत, पुलाखाली, देवळाच्या ओवरीत कोण झोपते हे तुम्हाला ठाऊक असते, प्रगणकाला नसते. तो येईल तेव्हा त्याला तिथपर्यंत घेऊन जा.